कापून टाकलेल्या तुकड्यातल्या एका अक्षराने प्रथिन कसे बिघडते?

कुळागर (बांदोडे)

सर्वांना नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. फोंडा तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांतून अठ्ठावीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. विज्ञान शिकवले ते चौथीपर्यंतचे, त्यामुळे पेशी म्हटले की मला अजून कांद्याचा पापुद्राच आठवतो.

माझी भाची पहिल्यांदाच गरोदर आहे आणि तिला नववा आठवडा चालू आहे. पहिल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आले आणि तांबड्या पेशी आकाराने फारच लहान दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी पुढची तपासणी लिहून दिली. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचे प्रमाण वाढलेले, ५.४ टक्के आले, म्हणून मग जनुकीय तपासणीही झाली. काल आलेल्या अहवालात असे लिहिले आहे की 'एचबीबी' या जनुकात 'आयव्हीएस १-५' या जागी डीएनएतल्या 'जी' या अक्षराऐवजी 'सी' आहे, हा बदल दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत आहे, आणि त्यामुळे ती बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे, म्हणजे तो दोष ती मुलांना देऊ शकते. कॉलेजात असल्यापासून हिचे रक्त कमी म्हणून एका दवाखान्यात नऊ वर्षे तिला लोहाच्या गोळ्याच देत होते. गोळ्या घेऊनही पेशी लहानच का राहतात, हा प्रश्न तिथे कोणालाही पडला नाही. असो, तो राग इथे काढत नाही.

मी शेजारच्या बारावीतल्या मुलाचे पुस्तक मागून आणले आणि रात्री बसून वाचले. त्यावरून मला समजले ते असे : जनुकाची आधी आरएनएमध्ये नक्कल होते, त्या नकलेतले 'इन्ट्रॉन' नावाचे भाग कापून टाकले जातात, उरलेले 'एक्झॉन' एकमेकांना जोडले जातात आणि त्या जोडलेल्या संदेशावरून तीन-तीन अक्षरे वाचून प्रथिन तयार होते. 'आयव्हीएस' म्हणजे इन्ट्रॉनच, असे त्या मुलाने सांगितले. माझे घोडे अडले ते इथे. जो तुकडा कापून फेकूनच द्यायचा आहे, ज्यातले एकही अक्षर प्रथिनापर्यंत पोचत नाही, त्यातले एक अक्षर बदलले तर बिघडते काय? फणस कापताना चारखंड टाकूनच द्यायचे असेल, तर ते किडके निघाले म्हणून गऱ्यांचे काय जाते?

भाची मला विचारते, "मावशी, मग दोष नेमका कशात आहे?" आणि मला उत्तर देता येत नाही.

समई (मडगाव)

कुळागरताई, शास्त्राकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिला वेळेचे बंधन आहे. भाचीच्या यजमानांची तपासणी याच आठवड्यात होऊ द्या. साधी रक्तगणना आणि हिमोग्लोबिन ए-२, एवढे प्रथम पुरेसे आहे. ते वाहक नसतील, तर बाळाला गंभीर स्वरूपाचा बीटा थॅलेसेमिया होण्याची चिंता उरत नाही. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते, आणि तसे असल्यास गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. म्हणून आज-उद्या करत थांबू नका.

आता तुमचा प्रश्न. मी उच्च माध्यमिक विद्यालयात बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे आणि हा प्रश्न मला वर्गात फार थोड्या मुलांनी विचारला. पुस्तकातले वाक्य पाठ झाले की शंका येत नाही. तुम्हाला ती आली, कारण तुम्ही ते वाक्य खरे मानून पुढे विचार केलात.

अहवालातले 'एचबीबी' म्हणजे बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या साखळीचे जनुक. ते अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याची लांबी सुमारे १६०० अक्षरे. त्यांपैकी रायबोझोम, म्हणजे प्रथिन बनवणारे पेशीतले यंत्र, प्रत्यक्ष वाचतो ती अक्षरे अवघी ४४४, म्हणजे १४७ अमिनो आम्लांचे (प्रथिन ज्यांच्या साखळीने बनते त्या घटकांचे) १४७ त्रिक आणि शेवटी 'थांबा' सांगणारे एक त्रिक. जनुकात तीन एक्झॉन आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन इन्ट्रॉन. पहिला इन्ट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. नक्कल करणारे विकर, आरएनए पॉलिमरेज, यांतला कोणताही भेद जाणत नाही. ते एका टोकाकडून निघते आणि समोर येईल ते सगळे उतरवून घेत जाते, एक्झॉनही आणि इन्ट्रॉनही. फक्त डीएनएतील 'टी' च्या जागी आरएनएत 'यू' येतो. या कच्च्या नकलेच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी बसते, शेवटी 'ए' अक्षरांची लांब शेपटी लागते, आणि हे सर्व चालू असतानाच इन्ट्रॉन कापून काढण्याचे काम होते. स्वच्छ झालेला संदेश केंद्रकाबाहेर पडतो तेव्हा त्यात इन्ट्रॉन नसतात.

बाहेर रायबोझोम त्या संदेशावर चढतो आणि 'एयूजी' या त्रिकापासून वाचू लागतो. बीटा ग्लोबिनच्या संदेशाची सुरुवात अशी आहे : एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी. या त्रिकांवरून मेथिओनीन, व्हॅलीन, हिस्टिडीन आणि ल्युसीन या क्रमाने अमिनो आम्ले जोडली जातात. प्रत्येक त्रिकाशी जुळणारा वाहक आरएनए आपले अमिनो आम्ल घेऊन येतो, ते साखळीला जोडले जाते, रिकामा वाहक निघून जातो आणि रायबोझोम तीन अक्षरे पुढे सरकतो. सुरुवातीचे मेथिओनीन पुढे छाटले जाते, म्हणून तयार साखळी १४६ अमिनो आम्लांची. शेवटी 'यूएए' हे त्रिक येते. त्याला कोणताही वाहक जुळत नाही, त्याच्या जागी साखळी सोडवणारे प्रथिन येऊन बसते आणि काम संपते. मिनिटभराच्या आत एक साखळी, आणि एकाच संदेशावर चार-पाच रायबोझोम एकामागून एक चालत असतात.

इथपर्यंतचे तुमच्या पुस्तकात आहे. पुस्तकात जे ठळक केलेले नसते ते असे की एकाच मजकुराचे वाचक दोन आहेत. रायबोझोम त्रिके वाचतो. पण त्याच्या आधी, केंद्रकातच, आणखी एक यंत्रणा तो मजकूर वाचून गेलेली असते. तिला स्प्लायसिओसोम म्हणतात. तिला त्रिकांशी काही देणेघेणे नाही. ती शोधते फक्त कापण्याच्या खुणा. आणि कुठून कापायचे ही खूण कापल्या जाणाऱ्या तुकड्यातच, त्याच्या अगदी कडेला, लिहिलेली असते. तुमच्या भाचीच्या जनुकातील बदललेले अक्षर प्रथिनात उतरत नाही हे खरेच आहे. ते खुणेचा भाग आहे.

तुमच्या फणसाबद्दल बोलायचे, तर चारखंड किडले असे इथे झालेले नाही. गरे आणि चारखंड यांच्यातली शीव दिसेनाशी झाली, म्हणून सुरी भलतीकडे गेली आहे.

फेरीबोट (दिवाडी)

समईबाईंनी सगळे नीट सांगितले आहे. मी विज्ञानाचा नव्हे, पण गावच्या जत्रेतल्या नाटकांत बरीच वर्षे वावरलो आहे, त्यामुळे मला हे ज्या रूपात समजले ते सांगतो.

आमच्याकडे नाटकाची मूळ छापील संहिता दिग्दर्शकाच्या पेटीत असते. ती तालमीला फिरवत नाहीत. कलाकाराला मिळते ती नक्कल, म्हणजे त्याची भाषणे तेवढी हाताने उतरवलेला कागद. पौराणिक नाटक मूळ बरहुकूम करायचे तर पहाट होईल, म्हणून दिग्दर्शक पेन्सिलीने कंस घालतो : इथून इथपर्यंत गाळावे. नक्कल उतरवणारा पोरगा कंसातले सोडून पुढचे लिहितो. कंस रंगमंचावर कोणी उच्चारत नाही. पण एका वर्षी संहितेवर चहा सांडला, सुरुवातीचा कंस पुसला गेला, आणि त्या पोराने वरच्या ओळीतला कसलासा ओरखडाच कंस समजून तिथून गाळले. आमच्या नारदाचे अर्धे वाक्य गेले आणि पुढचे निम्मे दुसऱ्याच प्रसंगातले आले. कुळागरताईंच्या भाचीच्या जनुकात असाच कंसावर चहा सांडला आहे, असे मी समजतो.

चंदन (साखळी)

फेरीबोट यांचा दाखला मला आवडला, विशेषतः ओरखड्याचा भाग, कारण पेशीत नेमके तसेच घडते. मात्र एका बाबतीत तो दिशाभूल करतो. नक्कल उतरवणाऱ्या मुलाला मराठी येते. वाक्य तुटले हे त्याला मनात आणले तर कळू शकते. स्प्लायसिओसोमला काहीही 'कळत' नाही. तिथे जे चालते ते केवळ अक्षराला अक्षर चिकटण्याचे बळ. ते बळ मोजता येते, म्हणूनच एका अक्षराचा एवढा परिणाम का, याचे उत्तर देता येते. मी प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा हे थोडे जवळून पाहू.

स्प्लायसिओसोममध्ये यू-१ नावाचा एक लहान आरएनए असतो. इन्ट्रॉनच्या सुरुवातीची खूण ओळखण्याची पहिली जबाबदारी त्याची. त्याच्या टोकाला नऊ अक्षरांची एक पट्टी आहे आणि ती समोरच्या मजकुराशी जोड्या लावून बसते : ए ला यू, जी ला सी. त्या पट्टीशी पूर्णपणे जुळणारा मजकूर असा : एक्झॉनची शेवटची तीन अक्षरे सी-ए-जी, आणि लगेच इन्ट्रॉनची पहिली सहा अक्षरे जी-यू-ए-ए-जी-यू. काप या दोहोंच्या मध्ये.

आता बीटा ग्लोबिनच्या पहिल्या एक्झॉनचा शेवट पाहा. तो सी-ए-जी असाच आहे, म्हणजे उत्तम. इन्ट्रॉनची सुरुवात मात्र जी-यू-यू-जी-जी-यू अशी आहे. आदर्श मजकुराशी ताडून पाहिले, तर तिसरे आणि चौथे अक्षर जुळत नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या निरोगी जनुकातही ही खूण मुळात नऊपैकी सात अक्षरांवर उभी आहे. काम निभते, पण हाताशी फार शिल्लक नाही. भाचीच्या एका प्रतीत पाचवे अक्षर जी ऐवजी सी झाले : जी-यू-यू-जी-सी-यू. आणखी एक जोडी सुटली. जिथे खूण नऊच्या नऊ अक्षरांनी पक्की असते, तिथे एक अक्षर गेल्याने कदाचित निभावले असते. इथे निभावत नाही. यू-१ ची पकड सैल होते.

पकड सैल झाली की काय होते, हा फेरीबोट यांचा ओरखडा. याच जनुकात कापण्याच्या खुणेसारख्या दिसणाऱ्या तीन जागा आसपास आहेत. एरवी खरी खूण जवळ असल्याने त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. दोन जागा पहिल्या एक्झॉनमध्येच आहेत, खऱ्या कापाच्या १६ आणि ३८ अक्षरे अलीकडे, आणि तिसरी इन्ट्रॉनमध्ये थोडी आत. खरी खूण दुबळी होताच काप या जागांवर पडू लागतो. अलीकडे काप पडला की संदेशातली १६ किंवा ३८ अक्षरे इन्ट्रॉनसोबत वाहून जातात. १६ ला तीनने भाग जात नाही आणि ३८ लाही जात नाही. म्हणून तिथून पुढे रायबोझोमची त्रिके सरकतात आणि उरलेला सगळा मजकूर निरर्थक होतो.

याच खुणेच्या वेगवेगळ्या अक्षरांत बदल झालेली माणसे जगात सापडली आहेत आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. पहिलेच अक्षर 'जी' बदलले, तर योग्य काप मुळीच पडत नाही आणि त्या प्रतीतून बीटा ग्लोबिन शून्य मिळते. पाचवे बदलले, तर थोडे योग्य कापही पडतात, त्यामुळे थोडेसे बीटा ग्लोबिन मिळते, पण ते फारच थोडे. सहावे अक्षर यू ऐवजी सी झाले, तर बरेच काम चालते आणि आजार सौम्य राहतो. या सहाव्या अक्षराच्या बदलाला वैद्यकीय लिखाणात 'पोर्तुगीज' प्रकार म्हणतात. आपल्याकडे ते वाचून कोणाच्याही भुवया वर जातील, म्हणून आधीच सांगतो की भाचीचा बदल तो नव्हे. तिचा पाचव्या अक्षराचा बदल हा भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. त्यात कोणी लाजण्यासारखे वा घराणे तपासण्यासारखे काही नाही.

कुळागर (बांदोडे)

आपण सर्वांनी एवढे कष्ट घेतलेत, मी खरोखर आभारी आहे. समईताई, भाचीच्या यजमानांचे रक्त आज सकाळीच दिले. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतील.

चंदन यांचे उत्तर मी वहीत उतरवून काढले आणि नऊ अक्षरे एका ओळीत, त्यांच्या जोडीदार खालच्या ओळीत, अशी पाढ्यासारखी मांडली. आता तीन जोड्या कुठे सुटल्या ते डोळ्यांना दिसते. पण त्यातून दोन नव्या शंका निघाल्या. एक, त्रिके सरकून जो निरर्थक मजकूर होतो त्याचे प्रथिन तयार होऊन ते शरीरात साचत असेल, तर तेच विषासारखे काम करत नाही का? आणि दोन, तिची दुसरी प्रत चांगली आहे, तर त्या प्रतीने सगळी कसर भरून का काढू नये? एका चुलीवर भागत नसेल तर माणूस दुसरीवर जास्त रांधतो.

समई (मडगाव)

पहिली शंका आधी घेते. त्रिके सरकली की पुढच्या मजकुरात कुठे ना कुठे, बहुधा लवकरच, एखादे 'थांबा' त्रिक निष्कारण समोर येते. चौसष्टांपैकी तीन त्रिके थांबण्याची असल्याने अर्थहीन मजकुरात ती वारंवार भेटतात. आता गंमत पाहा. स्प्लायसिंग, म्हणजे कापणे-जोडणे, करून जाताना यंत्रणा प्रत्येक जोडाजवळ काही प्रथिने ठेवून जाते. पहिला रायबोझोम संदेशावरून जाताना ती झाडून काढतो. नीट संदेशात 'थांबा' शेवटच्या एक्झॉनमध्ये असते, म्हणून रायबोझोम तिथे पोचेपर्यंत सगळे जोड साफ झालेले असतात. पण 'थांबा' मध्येच आले, तर पुढच्या जोडावरची प्रथिने तशीच राहतात, आणि ही न झाडलेली खूण पाहून पेशी तो संदेशच नष्ट करते. त्यामुळे बिघडलेले संदेश बहुतांशी प्रथिन होण्याआधीच संपतात. फेरीबोट यांच्या नाटकात ही सोय असती, तर नारदाने ती नक्कल हातात घेताच ती फाटली असती.

म्हणून भाचीच्या आजाराचे, खरे तर तिच्या स्थितीचे, कारण विषारी प्रथिन हे नाही. उणीव हे आहे. आणि उणीव त्रास देते, कारण हिमोग्लोबिनचा एक रेणू दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचा बनतो. अल्फाची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर, वेगळ्याच ठिकाणी आहेत आणि बीटा कमी पडले म्हणून ती आपले काम आवरत नाहीत. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साकळतात आणि अस्थिमज्जेतल्या तयार होत असलेल्या तांबड्या पेशींचे नुकसान करतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की हे प्रमाण इतके होते की बहुतेक पेशी मज्जेतच मरतात, आणि अशा मुलांना आयुष्यभर रक्त चढवावे लागते. जन्मतः मात्र ती ठीक दिसतात, कारण गर्भात आणि पहिल्या काही महिन्यांत बीटाऐवजी गॅमा साखळी वापरली जाते. गॅमा थांबून बीटाची पाळी आली की आजार उघडा पडतो.

दुसरी शंका चुलीची. चांगली प्रत आपल्या गतीने काम करतच असते, पण शेजारची प्रत बिघडली आहे अशी वर्दी तिच्यापर्यंत नेणारी आणि तिला दुप्पट जोर लावायला लावणारी व्यवस्था नाही. त्यातून तांबड्या पेशीला मुदत असते. एका पेशीत शेवटी सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू भरायचे असतात, आणि ती पक्व होताना आधी केंद्रक बाहेर टाकते, मग एक-दोन दिवसांत तिचे रायबोझोमही नाहीसे होतात. त्यानंतरच्या सुमारे १२० दिवसांत तिला एकही नवे प्रथिन करता येत नाही. जे भरले ते भरले. शरीर यावर तोड काढते ती अशी की पेशी लहान ठेवते आणि संख्येने जास्त करते. अहवालात तांबड्या पेशींची संख्या पाहा; ती चांगली भरघोस असेल. लोहाच्या कमतरतेत सहसा संख्याही घटते. नऊ वर्षांत हा आकडा कोणी पाहिला असता, तर शंका तेव्हाच यायला हवी होती. ए-२ वाढते तेही याच हिशोबाने : ए-२ मध्ये बीटाऐवजी डेल्टा साखळी असते, आणि बीटा कमी पडले की डेल्टाचा वाटा वाढतो.

मात्र म्हणून लोहाच्या गोळ्या आपण होऊन बंद करू नका. वाहक असलेल्या स्त्रीला गरोदरपणात लोहाची कमतरता वेगळी असू शकते. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून डॉक्टर ठरवतील, आणि फॉलिक आम्ल चालूच ठेवायचे आहे.

दर्यावर्दी (वास्को)

मी या चर्चेत दोन गोष्टींची भर घालतो, कारण त्या मूळ प्रश्नाच्या उलट बाजूने येतात.

इन्ट्रॉनमधले अक्षर प्रथिनाचे प्रमाण बिघडवू शकते हे आपण पाहिले. एक्झॉनमधले अक्षरही दोन्ही वाचकांना एकदम फसवू शकते. ईशान्य भारतात आढळणारे हिमोग्लोबिन ई घ्या. बीटा ग्लोबिनच्या २६ व्या त्रिकात जीएजी ऐवजी एएजी होते. रायबोझोमच्या दृष्टीने ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसीन आले, एवढेच. पण चंदन यांनी सांगितलेली १६ अक्षरे अलीकडची खोटी खूण नेमकी याच जागी आहे, आणि या बदलाने ती अधिक ठळक होते. मग काही काप तिथे पडतात आणि प्रथिनाचे प्रमाणही घटते. म्हणजे एका अक्षराने साखळी बदललीही आणि कमीही केली. अहवालात केवळ 'ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन' एवढे लिहिलेले वाचून हे कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

दुसरी गोष्ट उपचाराची. कॅसगेव्ही या नावाच्या जनुकीय उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो सिकलसेल आणि रक्त चढवावे लागणारा बीटा थॅलेसेमिया या दोहोंसाठी आहे. त्यात बीटा ग्लोबिनच्या जनुकाला हातही लावत नाहीत. गॅमा साखळी जन्मानंतर बंद ठेवणारे 'बीसीएल ११ ए' नावाचे एक प्रथिन आहे. रक्ताच्या मूळ पेशी शरीराबाहेर काढून त्या प्रथिनाच्या जनुकात एक काप घेतात, म्हणजे तांबड्या पेशींत ते प्रथिन घटते आणि गर्भातली गॅमा साखळी पुन्हा सुरू होते. हा काप घेतात कुठे? त्या जनुकाच्या इन्ट्रॉनमध्ये. तिथे त्या जनुकाला फक्त तांबड्या पेशींच्या वंशात जोर देणारी एक छोटी जागा आहे. ती मोडली की इतर पेशींत ते जनुक पूर्ववत चालते. शाळेत ज्याला आपण 'निरुपयोगी भाग' म्हणून शिकलो, तिथे हे चालले आहे. १९७७ साली इन्ट्रॉन सापडले, तेव्हापासून तो शब्द पुस्तकांतून काढायला हवा होता असे माझे मत आहे.

चंदन (साखळी)

दर्यावर्दी यांच्या मताशी मी निम्मा सहमत आहे. इन्ट्रॉनचा बराचसा मजकूर बदलला तरी काही बिघडत नाही, हेही तितकेच खरे आहे. पहिल्या इन्ट्रॉनच्या १३० अक्षरांपैकी बहुतेक अक्षरांच्या बाबतीत कुळागरताईंचा मूळ तर्क बरोबरच ठरेल. अहवालात इन्ट्रॉनचा उल्लेख दिसला की घाबरायचे की नाही, हे ते अक्षर कडेपासून कितवे आहे आणि तिथे कोण वाचायला येतो यावर अवलंबून आहे. 'आयव्हीएस १-५' या नावातला पाच हा आकडा त्यासाठीच लिहिलेला असतो.

कुळागर (बांदोडे)

भाचीच्या यजमानांचा अहवाल आज संध्याकाळी मिळाला. ए-२ चे प्रमाण २.६ टक्के, तांबड्या पेशींचा आकार व्यवस्थित, हिमोग्लोबिन १४.९. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की ते वाहक नाहीत आणि गर्भाच्या तपासणीची गरज नाही. बाळ वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, ती जन्मानंतर पाहता येईल. समईताई, तुम्ही सांगितलेला पेशींच्या संख्येचा आकडाही पाहिला. भाचीचा ५७ लाख आहे, म्हणजे तिच्या यजमानांपेक्षाही जास्त.

तिने आता स्वतः तो कागद समोर घेऊन मला सगळे समजावून सांगितले, आणि पाचव्या अक्षराखाली पेनाने रेघ मारली. मग तिनेच विचारले की हे अक्षर तिला आईकडून आले की वडिलांकडून, आणि तिच्या धाकट्या भावाचे काय.

समई (मडगाव)

भावाकडेही ते असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि त्याचे लग्न व्हायचे असेल तर आत्ताच पाहिलेले बरे. आई आणि वडील दोघांची साधी रक्तगणना केली तरी कोणाकडून आले याचा अंदाज येईल.

कुळागर (बांदोडे)

भाऊ मुरगावला नोकरीला आहे. शनिवारी घरी येतो, सोमवारी सकाळी त्याचे आणि माझ्या बहिणीचे रक्त एकदमच द्यायचे ठरले आहे. तुम्ही म्हणता म्हणून मेहुण्यांनाही सोबत पाठवते. ते सुईला फार घाबरतात.